रिपोर्ट पटत नाही, तर विचारायचे कुणाला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची गर्दी ओसरली तरी बाकावर एक गृहस्थ ताठ बसून होते. कंपाउंडरने दोनदा नाव पुकारले, पण "आधी बाकीच्यांचं होऊ द्या" म्हणून ते मागेच राहिले. शेवटी आत आले, मांडीवर प्लास्टिकची फाईल ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला भांडायचं नाही. नुसतं विचारायचंय. पण विचारायचं कुणाला, तेच गेले नऊ दिवस कळेना झालंय."

हे आमच्या तालुक्यातले निवृत्त सुभेदार. वय एकाहत्तर. रक्तदाबाचा जुना त्रास, त्यासाठी टेल्मिसार्टन ही गोळी रोज एक. एरवी प्रकृती ठणठणीत. पहाटे उठून शेतावर फेरी मारणार, दाढी रोजच्या रोज करणार. फाईलमधले कागद तारखेप्रमाणे लावलेले. सर्वांत वर माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमार्फत झालेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट. त्यात पोटॅशियम ६.४. आकड्यापुढे ठळक चांदणी.

वाचकहो, रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी हृदय बंदही पडू शकते. शिवाय सुभेदारांची ती गोळी पोटॅशियम वाढवू शकते. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी गोळी ताबडतोब बंद करायला सांगून किडनीतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, यात त्यांचे काही चुकले नाही. चुकले ते पुढे.

घरी 'किडनी' हा शब्द पोचला आणि त्यामागून 'डायलिसिस' हा शब्द कोणीतरी आणून सोडला. मावशींनी जेवण टाकले. पुण्याच्या मुलाने रजा टाकली. सुभेदारांच्या मनात मात्र एक शंका होती. रक्त काढताना नस सापडत नव्हती. दंडाला पट्टा आवळून बराच वेळ मूठ उघड-बंद करायला लावली होती, दोनदा टोचले होते. "एवढी खटपट झाली, त्याचा काही फरक पडला असेल का?" इतकाच त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अगदी रास्त. पण तो विचारायला त्यांना डॉक्टर भेटेना.

तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांची कराराची मुदत संपून ते गेलेले. नवीन आलेल्यांच्या दारात रांग. फोन केला तर एक तर लागत नाही, लागला तर कोणी उचलत नाही. दोन तास एस.टी.ने जाऊन नंबर लावला, तर खिडकीवर उत्तर मिळाले, "रिपोर्ट लॅबचा आहे, लॅबला विचारा." लॅबमध्ये गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "आम्ही पेशंटशी बोलत नाही आजोबा, डॉक्टरांना फोन करायला सांगा." पुन्हा एकदा गेले, तर त्या दिवशी सुट्टी. किडनीतज्ज्ञांची तारीख पुढच्या आठवड्याची. इकडे गोळी बंद. मी रक्तदाब मोजला, तर १८४/१०६.

म्हणजे पाहा, जो आजार नक्की आहे की नाही हे ठाऊक नव्हते, त्याच्या भीतीपोटी जो आजार नक्की होता, तो नऊ दिवस मोकाट सुटला होता. अशा रक्तदाबात अर्धांगाचा झटका यायला वेळ लागत नाही.

रिपोर्टच्या तळाशी एक ओळ

मी रिपोर्ट उलटसुलट पाहिला. क्रिएटिनिन १.१, म्हणजे किडनी बऱ्यापैकी काम करते आहे. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात एक शेरा होता: नमुना किंचित हिमोलाइज्ड. ती ओळ ना खिडकीवर कोणी वाचली होती, ना घरी.

हिमोलाइज्ड म्हणजे नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटलेल्या. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम ठासून भरलेले असते, बाहेरच्या द्रवापेक्षा वीसपटीहून अधिक. थोड्या पेशी फुटल्या तरी आतले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा फुगतो. पट्टा फार वेळ आवळला, मूठ वारंवार आवळायला लावली, तरी आकडा एकाने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. रक्त न गाळता तसेच बर्फाच्या डब्यात ठेवून लांबच्या गावी पाठवले, तरीही पेशींमधून पोटॅशियम झिरपते. बर्फात ठेवले म्हणजे सगळे टिकते, हा आपला समज इथे उलटा पडतो.

मी लगेच ई.सी.जी. काढला. तो ठीक होता. पण ई.सी.जी. ठीक आहे म्हणून पोटॅशियम ठीक आहे असे म्हणता येत नाही, हे सुभेदारांना समजावून सांगितले. मग स्वतः रक्त काढले. पट्टा सैल, मूठ नाही. समोरच्या लॅबमध्ये अर्ध्या तासात पोचवून सीरम लगेच वेगळे करायला सांगितले. दुपारी आकडा आला, ४.५. खात्रीसाठी दोन दिवसांनी पुन्हा पाहिले. ४.४.

सुभेदारांनी कागद दोन्ही हातांत धरून तो आकडा बघितला. म्हणाले, "म्हणजे मी बरा होतो?"

"बरे होतात," मी म्हटले. "पण आता रक्तदाबाने आजारी पडायच्या बेतात आहात."

फौजेतला डॉक्टर आणि बाहेरचा डॉक्टर

मला प्रश्न पडला, हा माणूस सीमेवर राहिलेला, तीस-चाळीस जवानांना हुकूम देणारा. याला एका खिडकीपाशी मोठ्याने "मला डॉक्टरांना भेटायचेच आहे" असे का म्हणता आले नाही? त्यांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, "डॉक्टर, फौजेत डॉक्टर म्हणजे ऑफिसर. कॅप्टन नाही तर मेजर. त्यानं फिट म्हटलं की फिट, अनफिट म्हटलं की अनफिट. ऑफिसरला उलट विचारायची सवयच नाही आम्हाला."

शिवाय ते आणखी एक बोलले, ते मला फार महत्त्वाचे वाटले. पलटणीत डॉक्टर कुठे बसतो हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते. एम.आय. रूम. सकाळी सिक रिपोर्ट करायचा, तो डॉक्टर तुम्हाला नावानिशी ओळखतो, पलटण हलली की तोही बरोबर हलतो. पेन्शनवर आल्यावर गणवेश सुटतो, पगार निम्म्यावर येतो, हे सगळे माणूस सोसतो. पण ठरलेला डॉक्टर आणि ठरलेले दार सुटते, ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यात हा विषय घरोघरचा आहे. अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागते. माण, खटाव, कोरेगाव, पाटण, कुठल्याही गावात जा, पारावर दोन-चार 'मेजर' भेटतातच. गावाकडे आपण हवालदारालाही मेजरच म्हणतो. यांच्यासाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ई.सी.एच.एस., सुरू केली. त्याआधी निवृत्त जवानाला आणि त्याच्या कुटुंबाला लष्करी इस्पितळात जागा असेल तेवढाच आधार होता. योजनेने मोठे काम केले आहे. महागड्या शस्त्रक्रिया, कॅन्सरचे उपचार, रोजची औषधे अशा गोष्टी पेन्शनीत परवडल्या नसत्या, त्या या योजनेतून मिळतात. पण पॉलिक्लिनिकमधले बहुतेक डॉक्टर ठराविक मुदतीच्या करारावर असतात. आज आहेत, पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. त्यामुळे तपासणी एक लिहितो, रिपोर्ट दुसरा बघतो, उपचार तिसरा सुचवतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि पेशंट मधल्या मोकळ्या जागेत अडकतो.

आकडा म्हणजे निकाल नव्हे

तुम्ही माजी सैनिक असा वा नसा, तपासणीचे काही ढोबळ नियम सर्वांनाच ठाऊक असावेत.

पहिली गोष्ट, रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा साधारणपणे शंभरांतल्या पंचाण्णव निरोगी माणसांवरून ठरवलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी अशा वीस माणसांत एकाचा आकडा त्या रेषेबाहेर जाणारच. एकाच वेळी वीस-पंचवीस तपासण्यांचे 'पॅकेज' केले, तर एखादी चांदणी निघणे हे नवल नव्हे, न निघणे हेच नवल!

दुसरी गोष्ट, बहुतेक चुका यंत्रात होत नाहीत. त्या रक्त यंत्रापर्यंत पोचण्याआधी होतात. नाव-नळीची अदलाबदल, उपाशीपोटी सांगितले असता चहा घेऊन जाणे, चुकीच्या बुचाची नळी, पोचवायला उशीर. साखरेचा नमुना साध्या नळीत तसाच पडून राहिला, तर पेशी ती साखर खात राहतात आणि दर तासाला आकडा पाच ते सात टक्क्यांनी उतरतो. म्हणून साखरेसाठी करड्या बुचाची वेगळी नळी वापरतात.

तिसरी गोष्ट, काही तपासण्या काही माणसांत फसवतात. त्यातल्या नेहमी दिसणाऱ्या अशा:

प्लेटलेट्स. काहींच्या रक्तात प्लेटलेट्स जांभळ्या बुचाच्या नळीतल्या औषधाने एकमेकींना चिकटतात. यंत्राला त्या मोजता येत नाहीत आणि आकडा चाळीस हजार येतो. काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनी पाहिले, सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजले, की दीड-दोन लाख निघतात. माझ्या एका पेशंटचे हर्नियाचे ऑपरेशन एवढ्यावरून महिनाभर अडले होते.

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. अंगात लोह कमी असेल तर ती खोटी वाढलेली दिसू शकते. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल तर खोटी कमी दिसू शकते.

पी.एस.ए., म्हणजे पुरुषांची प्रोस्टेटची तपासणी. लघवीत जंतुसंसर्ग असेल किंवा नुकतीच लघवीची नळी घातली असेल तर हा आकडा चढतो आणि पुढे काही आठवडे चढलेलाच राहतो. त्या काळातला एक आकडा पाहून कॅन्सरची धास्ती घेऊ नये. संसर्ग बरा करून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा पाहावा. मात्र पुन्हा पाहायला विसरूही नये.

थायरॉईड. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. तपासणीआधी लॅबला आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

पण न पटणारा प्रत्येक रिपोर्ट खोटा नसतो

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक निवृत्त हवालदार माझ्याकडे यायचे. साखर उपाशीपोटी २१०, एचबीएवनसी ९.८. म्हणाले, "मी रोज पाच किलोमीटर चालतो. मला मधुमेह? शक्य नाही. मशीन खराब आहे." मी म्हटले, बरे, दुसरीकडे करा. दुसरीकडे तेच आले. तिसरीकडे तेच आले. तरी त्यांचे मन मानेना. गोळ्या घेतल्या नाहीत. दीड वर्षाने पायाच्या अंगठ्याला जखम घेऊन आले. अंगठा काढावा लागला.

तेव्हा हिशेब सरळ आहे. शंका आली तर विचारा. नीट काढलेल्या नमुन्यावर पुन्हा तपासा. दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन ठिकाणी तोच आकडा आला, तर मग शंका बाजूला ठेवा आणि उपचार घ्या. फेरतपासणी सत्य शोधण्यासाठी असते, आपल्याला आवडेल तो आकडा सापडेपर्यंत लॅबा पालथ्या घालण्यासाठी नव्हे.

आणि पोटॅशियम, हृदयाच्या झटक्याची ट्रोपोनिन तपासणी, फार कमी साखर, फार कमी हिमोग्लोबिन असे तातडीचे रिपोर्ट असतील, तर वाद घालत घरी बसू नका. त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे किंवा इस्पितळात जा आणि तिथे पुन्हा तपासून घ्या. माझ्या सुभेदारांचा आकडा खोटा निघाला हे त्यांचे नशीब. तो खरा असता, तर नऊ दिवस फार झाले असते.

कसे विचारावे?

सुभेदारांच्या पॉलिक्लिनिकला मीही फोन केला. तीन दिवस केला. डॉक्टर असून माझाही लागला नाही! तेवढ्या काळापुरती मी त्यांना रक्तदाबाची दुसरी, पोटॅशियम न वाढवणारी गोळी दिली. मग आम्ही दोघांनी बसून एक कागद लिहिला. तोंडी बोलणे खिडकीवर विरून जाते. कागद टेबलावर राहतो. पत्र एवढेच होते:

"माननीय प्रभारी अधिकारी यांस. माझे नाव, कार्ड क्रमांक व फोन नंबर वरीलप्रमाणे. अमुक तारखेच्या रिपोर्टमध्ये माझे पोटॅशियम ६.४ आले असून नमुना हिमोलाइज्ड असल्याचा शेरा आहे. अमुक व अमुक तारखेला पुन्हा केलेल्या तपासणीत ते ४.५ व ४.४ आहे. दोन्ही रिपोर्ट व ई.सी.जी. सोबत जोडले आहेत. रक्तदाबाची गोळी बंद असल्याने रक्तदाब १८४/१०६ झाला होता. गोळी पुन्हा सुरू करावी काय, व किडनीतज्ज्ञांकडे जाण्याची गरज आहे काय, याबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला लेखी मिळावा ही विनंती."

यात कोणावर आरोप नाही. 'तुमची लॅब भिकार आहे' असे एक अक्षर नाही. तारीख, आकडा, पुरावा आणि शेवटी नेमका प्रश्न. सुभेदारांनी दोन प्रती नेल्या, एकीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेतली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दवाखान्यात फोन वाजला. पलीकडे पॉलिक्लिनिकच्या तरुण डॉक्टरीणबाई. "सर, पत्र वाचलं. तुम्ही फेरतपासणी केलीत ते बरं झालं. मी त्यांना उद्याच बोलावते, गोळी सुरू करू. लॅबलाही कळवते." आणि जाता जाता म्हणाल्या, "खिडकीवर कोण काय विचारून गेलं, ते माझ्यापर्यंत पोचतच नाही हो. दिवसभर मी नुसती समोरचा पेशंट आणि मागची रांग बघत असते."

म्हणजे इकडे सुभेदारांना डॉक्टर भेटत नव्हता, आणि तिकडे डॉक्टरांना सुभेदार भेटत नव्हते. मध्ये एक खिडकी होती.

माजी सैनिक बंधूंनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. रिपोर्ट हातात आला की शेवटची ओळ आधी वाचा. नमुन्याबद्दलचा शेरा तिथेच असतो. नाव, वय आणि तारीख आपलीच आहे ना, तेही पाहा.

२. शंका लवकर कळवा. बऱ्याच लॅब नमुना काही दिवस जपून ठेवतात. तेवढ्या मुदतीत मागितले तर त्याच नमुन्यावर कधी कधी फेरतपासणी होऊ शकते. महिन्याने विचारले तर नळी गेलेली असते.

३. डॉक्टरांचे नाव माहीत नसले तरी अडू नका. पत्र पदाला लिहा. डॉक्टर बदलतात, प्रभारी अधिकारी हे पद राहते.

४. आपले कागद हा आपला हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितलेल्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. सरकारी कार्यालयाकडून कागद मिळत नसतील, तर माहितीचा अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करता येतो. त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

५. डॉक्टरांनी विचारल्याशिवाय गोळी आपल्या मनाने बंद किंवा सुरू करू नका. गोळी बंद करायला सांगितली, तर "तिच्या जागी काय? आणि पुन्हा कधी दाखवू?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

६. पत्र लिहायला जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, गावातल्या शिक्षकांना सांगा, किंवा आपल्या फॅमिली डॉक्टरांना. त्यात कमीपणा नाही.

बोर्डाचा कागद

तपासणीच्या वादाचा आणखी एक प्रकार फक्त सैनिकांच्याच वाट्याला येतो, तोही थोडक्यात सांगतो. सैन्यातून बाहेर पडताना जवानाची वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. एखादे दुखणे नोकरीमुळे झाले की नाही, किंवा नोकरीमुळे वाढले की नाही, आणि अपंगत्व किती टक्के, हे तिथे ठरते. सर्वसाधारणपणे वीस टक्क्यांच्या खाली आकडा गेला तर अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळत नाही. म्हणजे एकोणीस आणि वीस यांत आयुष्यभराचा फरक!

तोफखान्यात नोकरी केलेले एक गृहस्थ ऐकू येत नाही म्हणून माझ्याकडे आले, तेव्हा निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती. बोर्डाच्या कागदावर कानाचा उल्लेखच नव्हता. मी विचारले, "तेव्हा सांगितलं नाही?" म्हणाले, "घरी जायची घाई होती. साहेबांनी विचारलं, काही तक्रार? मी म्हटलं, नाही साहेब."

त्या एका 'नाही साहेब'मुळे पुढचे सारेच अवघड झाले. बोर्डाचा निर्णय मान्य नसेल तर अपील करता येते, पण त्याला साधारण सहा महिन्यांची मुदत असते. पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ चा, आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी नोंदवलेला नसलेला आजार पुढे निघाला, तर तो नोकरीशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. त्यानंतर २०२३ च्या सप्टेंबरपासून नवे नियम लागू झाले आहेत. म्हणून आपल्या निवृत्तीच्या तारखेला कोणता नियम लागतो, हे सैनिक कल्याण कार्यालयात विचारूनच पुढे जावे. मी वकील नव्हे. डॉक्टर म्हणून एवढेच सांगेन, की निवृत्त होणाऱ्या जवानाने बोर्डापुढे जाताना कान, गुडघे, कंबर, झोप, जे काही बिघडले असेल ते स्पष्ट सांगावे, आणि आपल्या कागदांच्या प्रती घेऊनच घरी यावे.

आम्ही डॉक्टर

आता आमच्याबद्दल. दुसऱ्याच्या खिडकीला नावे ठेवणे सोपे असते. सुभेदारांचे प्रकरण मिटल्यावर मी माझ्या कंपाउंडरला सहज विचारले, "आपल्याकडे कोणी रिपोर्टबद्दल विचारायला आलं तर तू काय सांगतोस?" तो म्हणाला, "तुम्हीच सांगून ठेवलंय की सर. रिपोर्टसाठी आत सोडायचं नाही, गोळ्या चालू ठेवा म्हणायचं, पुढच्या महिन्यात या म्हणायचं."

खरेच, मीच सांगून ठेवले होते. कधीतरी गर्दीच्या दिवशी. किती जण त्या उत्तरावर परत गेले असतील, मला माहीत नाही. त्यांतला एखादा सुभेदारांसारखा बरोबर असेल, तर त्याचा प्रश्न माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

त्या आठवड्यापासून दवाखान्याच्या दारावर मी एक पाटी लावली आहे: 'दुपारी दीड ते दोन, फक्त रिपोर्टविषयी शंका. फी नाही.' पहिल्या दिवशी कोणी आले नाही. आता रोज चार-पाच जण येतात. निम्म्यांची शंका दोन वाक्यांत मिटते. काहींना रिपोर्ट बरोबर आहे हे समजावावे लागते. त्यात जास्त वेळ जातो आणि तो गेलाच पाहिजे. आणि अधूनमधून एखादा खरोखरच चुकीचा निघतो. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे, अर्धा तास नाही तर पंधरा मिनिटे, पण एक दार उघडे ठेवा.

परवा सुभेदार आले होते. रक्तदाब १३४/८२. बरोबर त्यांच्याच गावचा एक निवृत्त नाईक होता, खांदे पाडून बसलेला. त्याच्या हातात रिपोर्ट. सुभेदारांनी त्याला कोपराने ढोसले आणि म्हणाले, "अरे सांग की डॉक्टरांना. विचारलं म्हणजे काही हुकूम मोडत नाही."

त्याने घसा साफ केला आणि विचारायला सुरुवात केली.